एका मक्याच्या चार चवी

टेबलावर भजी नाहीत हे पाहून चंद्रभान इंगोले पहिल्यांदा बिचकला.

नऊ वर्षांनी माणूस थोरल्या भावाच्या घरी येतो. अकोल्याहून निघताना बायकोशी विनाकारण भांडतो. दारात भावाला पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं याची मूर्तिजापूरपासून मनातल्या मनात उजळणी करतो, आणि बडनेरा आल्यावर गाडी परत फिरवावी असंही एकदा त्याच्या मनात येऊन जातं. एवढं सगळं करून घरात पाऊल टाकावं तर समोर काय? चार रिकामे ग्लास, पाण्याचा तांब्या आणि वाडग्यात कोरडे मुरमुरे! दारातलं ते पहिलं वाक्य तर बोलावंच लागलं नव्हतं. महादेवरावांनी दार उघडून "आला का? चपला आत घे, कुत्रं नेते," एवढंच म्हटलं आणि चंद्रभानने गुमान चपला आत घेतल्या.

"वर्षे, बंगलोरले मुरमुऱ्यावर दारू पेतात का?" त्याने पुतणीला विचारलं.

"काका, तिखट खाल्लं की जीभ झोपते. आज जीभ जागी पाहिजे."

"म्या पीठ भिजवून ठेवलं होतं," माणिकबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. वर्षालीची ही आई, महादेवरावांची बायको. दिराशी नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलायचं तर भज्यांचा विषय त्यांना सोयीचा वाटला असावा. "ठेचाही कुटला होता. या पोट्टीनं कढई चढवू देली नाही."

वर्षाली एवढ्यावर थांबली नाही. चंद्रभानचा मुलगा शुभम गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून सोफ्यावर बसला होता, त्याला तिने उठवून मोरीकडे पाठवलं आणि तीनदा चूळ भरायला लावली. पार्बताकाकूला, म्हणजे चंद्रभानच्या बायकोला, केसांतला मोगरा काढून बाहेर ठेवायला सांगितला, कारण वासात वास मिसळतो म्हणे. पार्बताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रभानने छताकडे पाहिलं. पुतणीचा हा हुकूम त्याला मनातून आवडला होता, पण आज तिचं काहीच आवडून घ्यायचं नाही असं ठरवून तो आला होता.

कारण आज 'जोडी'चा निकाल लागायचा होता.

'जोडी' म्हणजे बडनेरा रोडवरची परमिट रूम. दोघा भावांनी ऐन तरुणपणी काढलेली, निम्मी थोरल्याची, निम्मी धाकट्याची. महादेवराव गिऱ्हाइकांचं पाहत आणि चंद्रभान काउंटर सांभाळे. मग एके दिवशी चंद्रभानने काउंटरवरची एक बाटली हुंगली आणि भरल्या हॉटेलात सांगितलं की यात भेसळ आहे. मॅनेजर होता नत्थुजी, माणिकबाईंचा सख्खा भाऊ. महादेवराव तेव्हा मेव्हण्याकडे पाहून भावाला एवढंच म्हणाले होते, "तुह्या नाकाचा काय भरोसा?" चंद्रभानने त्याच पावली किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि अकोल्याला जाऊन डाळ मिल टाकली. नत्थुजी पुढे आपल्या वाटेने निघून गेला. अबोला मात्र घरात राहिला.

आता महादेवरावांच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता आणि 'जोडी'चं शटर गेल्या दिवाळीपासून खाली होतं. जागा एका कोचिंग क्लासला भाड्याने हवी होती. शुभमचा त्यासाठी जीव टांगणीला लागला होता, कारण त्या भाड्यावर मिलसाठी डाळ निवडायचं नवं मशीन घेता आलं असतं. आणि इकडे वर्षाली! बंगळुरूच्या एका व्हिस्कीच्या कारखान्यात चव पाहायची नोकरी करून आलेली ही पोरगी म्हणत होती, जोडी मी चालवते. ढोसायचा अड्डा नाही, चव घ्यायची जागा. चार ग्लास शेजारी शेजारी ठेवायचे, थोडी थोडी घ्यायची, फरक ओळखायचा. सुरुवात बर्बनपासून.

दोन्ही भावांच्या संमतीशिवाय काही होणार नव्हतं. महादेवराव लेकीच्या बाजूने होते, पण भावाला फोन करायची त्यांची छाती नव्हती. तो वर्षालीने केला. चंद्रभान फोनवरच भडकला होता.

"एका मक्याच्या चार दारवा! त्यात फरक तो काय असंन वं? पाहा, मले न सांगता समोर ठेव. चारी वळखता आल्या, तं जोडी तुही. नाही आल्या, तं क्लासवाल्याईची!"

इंगोल्यांच्या घरात शब्द पटकन जातो आणि मग जन्मभर त्याला सांभाळत बसावं लागतं. वर्षालीने तो हवेतच झेलला आणि पुढच्याच रविवारी सगळ्यांना बोलावलं.

यात एक गंमत होती आणि ती सगळ्यांनाच कळत होती. परीक्षा चंद्रभानच्या जिभेची, आणि निकाल देणारीही तीच जीभ. ओळखूनही नाही ओळखलं म्हटलं तर कोण काय करणार होतं? शुभमने वाटभर बापाला हेच पढवलं होतं. "बाबा, सारख्याच लागून राहिल्या म्हणा. खोटं कुठं हाय? दारू थे दारू."

"सुरू करायचं?" वर्षाली म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

तिने चार बाटल्या आणल्या. मैत्रिणींनी मिळून विमानतळांवरून एकेक करून जमवलेल्या. लेबल वाचता येऊ नये म्हणून प्रत्येकीला जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून सुतळीने गळ्याशी बांधलं होतं आणि सुतळीला वेगवेगळ्या रंगाचे दोरे होते. चार अभ्रे टेबलावर उभे राहिले तसे महादेवराव हसायला लागले.

"दवाखान्यात टोपरे घातलेले लेकरं दिसून राहिले."

"बाबा, तुम्ही हसा, पण हात लावू नका. आधी ओळख करून देते, मग परीक्षा." तिने पहिल्या ग्लासात दोन घोट ओतले. ग्लासही तिचेच होते, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळते. "बर्बन म्हणजे अमेरिकेची व्हिस्की. धान्यात निम्म्याहून जास्त मका पाहिजे. अन् ठेवायची ती ओकच्या नव्या कोऱ्या पिंपात, आतून जाळून कोळसा केलेल्या. वरून रंग नाही, साखर नाही. जे काय येतं ते धान्यातून अन् त्या जळक्या लाकडातून."

"मका तं आमच्या इकडे कोंबड्याच्या खाद्यात जाते," चंद्रभान म्हणाला.

"म्हंजे तिकडं कोंबड्याईच्या तोंडचा घास काढला म्हणा," महादेवराव म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी भावाच्या वाडग्यात मुरमुरे टाकले. वाडगा अजून अर्धा भरलेला होता. पण ही त्यांची जन्माची खोड. पाहुण्यासमोरचं भांडं रिकामं होत आलं की त्यांचा हात आपोआप उठे. मग पाहुणा नको म्हणो, पोटावर हात ठेवो की पंगतीतून उठून पळो.

"काका, आधी वास घ्या. तोंड थोडं उघडं ठेवून. मग छोटा घोट. गिळायचं नाही लगेच, तोंडात फिरवायचं."

"चूळ भरू का मंग?"

"अर्धी चूळ."

चंद्रभानने ग्लास नाकाशी नेला. काही म्हणायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण नाकाने कोणाला विचारलं? भाजलेलं कणीस, त्यावर काकवीची धार, आणि मागून हळूच लाकडाच्या वखारीचा कोरडा वास. घोट जिभेवर आला तेव्हा गोडवा आधी आला आणि ऊब नंतर. हा साधा, सरळ, जुन्या वळणाचा प्रकार होता. मका भरपूर, बाकी धान्यं नावापुरती.

"कसं काय?" वर्षालीने विचारलं.

"असंच," चंद्रभान म्हणाला आणि पुढच्या ग्लासाकडे जरा लवकरच हात नेला.

दुसऱ्या प्रकारात राय जास्त होती. राय म्हणजे काय ते महादेवरावांनी विचारलं. गव्हाच्या भावकीतलं धान्य आहे, थंड मुलखात पिकतं, असं वर्षालीने सांगितलं. "भावकीतलं असंन तं तिखट राहीनच," माणिकबाई दारातून म्हणाल्या, आणि सगळे हसले. चंद्रभानसुद्धा हसला, मग आठवण होऊन गप्प बसला. पण ते तिखट खरंच होतं! आधी मिरे, मग लवंग, आणि घोट उतरल्यावर संत्र्याची साल नखाने खरवडावी तसा झणका. त्याच्या टाळूला झिणझिण्या आल्या. पंचवीस वर्षं त्याने दारू विकली, चाळीस वर्षं प्यायली, पण एका धान्याच्या जागी दुसरं थोडं जास्त घातलं की घोटाचा स्वभाव असा बदलतो, हे त्याला कोणी कधी दाखवलं नव्हतं. स्वतः धान्यातला माणूस असून!

"हे कितीक टाकतात? राय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

शुभमने खाकरून बापाकडे पाहिलं.

"या प्रकारात तिसरा हिस्सा असते, काका," वर्षाली घाईघाईने म्हणाली. "अन् आता ही पाहा. इच्यात राय नाहीच. तिच्या जागी गहू."

तिसरा ग्लास चंद्रभानच्या हातात जायच्या आधीच पार्बताबाई उठून टेबलाजवळ आल्या होत्या. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. मशीन यावं अशी त्यांचीही इच्छा होती आणि गाडीत त्या सगळा वेळ मुलाच्या बाजूने बोलल्या होत्या. पण लांब बसूनही त्यांना वास आला होता.

"मले फक्त हुंगू दे वं." त्यांनी पदराआडून ग्लास हुंगला. पुन्हा एकदा हुंगला, पदर बाजूला करून. "अवो! हे तं पुरण शिजून राहिलं! गूळ टाकून घाटलं की येते ना, तोच वास!"

"खरंच?" माणिकबाईही हात पुसत बाहेर आल्या. दोघी जावांची डोकी एका ग्लासावर टेकली. "साय लागलेल्या दुधाचाही येते पाहा, मागून."

"हाओ, येते."

"आई, तू कोणाकडून हायेस?" शुभमने चिडून विचारलं.

"मी पुरणाकडून," पार्बताबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून जावेशेजारी बसल्या.

चंद्रभानने घोट घेतला. मऊ, गोड, घशात कुठेच न खुपणारा. बायकोने म्हटलं ते अगदी खरं होतं आणि तिला हे एका वासात कळावं याचं त्याला नवल वाटलं. चौथा प्रकार पहिल्याचाच सख्खा भाऊ होता, पण पिंपातून काढला तसाच, पाणी न घालता बाटलीत भरलेला. त्या घोटाने कानशिलं तापली. वर्षालीने वरून पाण्याचे चार थेंब टाकले आणि पुन्हा प्यायला दिला, तर मघाची आग ओसरून आतून तीच काकवी वर आली, पहिल्यापेक्षा दाट. चंद्रभानला हसू आवरेना. भाऊ, बायको, वहिनी, सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"आता परीक्षा," वर्षाली म्हणाली.

तिने बाटल्या आत नेल्या आणि नवे चार ग्लास भरून आणले, क्रम बदलून. प्रत्येकाखाली एकेक आकड्याची चिठ्ठी, तिच्या मागच्या बाजूला प्रकाराचं नाव. महादेवरावांनी पंख्याचाही वेग कमी केला, वास उडू नये म्हणून.

चंद्रभानने एक नंबर उचलला. गहू! नाकापाशी नेताच कळलं. दोन नंबरने टाळूला मिरे लावले, म्हणजे राय. तीन नंबर म्हणजे ते साधं सरळ कणीस आणि काकवी. चार नंबरची आग तर ओठांनाच समजली. चारीच्या चारी! त्याच्या छातीत असा आनंद उसळला की टेबलावर थाप मारून ओरडावंसं वाटलं. मघाच्या पहिल्या ग्लासाची चव इतकी ओळखीची झाली होती, की गर्दीतून गावचा माणूस निवडून काढावा तशी त्याने ती निवडली. पण तोंड मात्र त्याने दगडासारखं ठेवलं.

"जरा थांबा. एकदम सांगू नका," शुभम उठला. "बाबा, दोन मिनिटं गॅलरीत या."

गॅलरीत खालून भाजीवाल्याची हाक येत होती. शुभम कठड्याला टेकला. तो काही वाईट पोरगा नव्हता. पहाटे मिल उघडायचा, बापाला कधी उलट बोलायचा नाही.

"तुमाले वळखू आलं," तो म्हणाला.

चंद्रभानने खाली भाजीवाल्याकडे पाहिलं.

"बाबा, मोठ्या व्यापाऱ्यानं दोनदा माल परत केला. काळा दाणा दिसते म्हणून. हातानं निवडलेली डाळ आता कोणी घेत नाही. मशीन नाही आलं तं मिल बसते. वर्षीले नोकरी हाय, थे पुन्हा जाईन बंगलोरले. माह्याजवळ काय हाय?" त्याचा आवाज बारीक झाला. "एकच शब्द बोला. सारख्याच."

चंद्रभानने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा बरोबरच बोलत होता. चव, वास, मजा हे सगळं ठीक होतं, पण त्यावर चूल पेटत नाही. आणि ज्या जोडीतून आपल्याला मान खाली घालून निघावं लागलं, तिचं भलं आपण का करावं? दादाने तेव्हा आपली बाजू घेतली होती का? त्याने मनाशी पक्कं केलं. आत जायचं, शेवटचा एक घोट घ्यायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "बाई वर्षे, मले तं सारख्याच."

तो आत आला. बसला. सगळ्यांवरून नजर फिरवली, फक्त वर्षालीवरून नाही. देखाव्यापुरता उचलायचा म्हणून त्याने तीन नंबरचा ग्लास उचलला आणि घोट घेतला.

आणि थबकला.

पुन्हा हुंगला. पुन्हा घोट घेतला, या वेळी डोळे मिटून. कपाळावर आठी चढली.

"हे थे नाही."

"काय नाही?" वर्षालीने विचारलं.

"हे थे नाही! मघा जे होतं थे नाही हे!" चंद्रभान खुर्चीवरून अर्धा उठला. मशीन, मिल, शुभम, कुणाचंच त्याला भान राहिलं नाही. "मघा इच्यात साधं कणीस होतं, काकवी होती. आता मिरे कुठून आले? लवंग कुठून आली? कोणी तरी इच्यात दुसरं वतलं. भेसळ हाय हे!"

तो शब्द खोलीत पडला. माणिकबाईंचा चेहरा पांढरा पडला. नऊ वर्षांपूर्वी हाच शब्द, हाच माणूस, तेव्हा हातात बाटली होती एवढंच. चंद्रभानलाही तो शब्द उच्चारल्यावर ऐकू आला. तोंडाला आवर घालायला हवा होता. पण जे बिघडलं आहे ते बिघडलं नाही असं त्याला तेव्हाही म्हणता आलं नव्हतं.

"काका, मी स्वतः भरले आहेत ग्लास," वर्षाली म्हणाली. "सगळे तुमच्यासमोर आहेत. मी फसवीन तुम्हाला?"

"तुले नाही म्हणत, बाई. पण हे थे नाही."

"झालं!" शुभम टाळी वाजवून म्हणाला. "बाबाले काही वळखू येत नाही. एकच ग्लास दोनदा पेला तं दोन चवी लागून राहिल्या यायले. विषय संपला."

सुटायला वाट आपोआप मिळाली होती. चंद्रभानने फक्त खाली बसायचं होतं. हो बाप्पा, मला काही कळत नाही, एवढं म्हटलं की मशीन आलं, मिल वाचली. त्याला ते दिसतही होतं. पण हातातल्या ग्लासातून मिऱ्याचा वास येतच होता.

"वळखू येत नाही?" तो गरजला. "एक नंबर गव्हाची! दोन नंबर रायची! चार नंबर बिनपाण्याची! अन् तीन नंबर साधी होती, मघा होती, आता अर्धी राय हाय इच्यात! कोणी येऊन सांगो, माहं नाक खोटं बोलत नाही!"

वर्षालीने चारी चिठ्ठ्या उलटून पाहिल्या, एक, दोन, चार, आणि तिसरीपाशी तिचा हात थांबला. काका म्हणतात त्यातलं बाकी सगळं खरं होतं. मग हे कसं खोटं असेल? पण ते खरं कसं असेल, तेही तिला कळेना. ती गोंधळून बापाकडे पाहायला लागली.

महादेवराव खुर्चीच्या हाताला धरून हळूहळू उठले. गुडघे कटकन वाजले.

"बरोबर बोलून राहिला तो," ते म्हणाले.

"बाबा?"

"त्याच्या नाकावर जाऊ नोका कोणी. बरोबरच बोलून राहिला." त्यांनी खिशातून रुमाल काढला, उगाच तोंड पुसलं. "तुमी दोघं गॅलरीत गेले. वर्षी मोरीत तोंड धुवाले गेली. मी पाह्यलं तं तीन नंबर खालावला होता, जरासाक राह्यला होता तळाशी. लहान भाऊ नऊ वर्षानं घरी आला, अन् त्याच्या समोरचा ग्लास खाली. माह्याच्यानं पाहवलं नाही. ओट्यावर बाटल्या होत्या, जी हाती लागली थे आणली अन् वतली."

"म्या म्हटलं यायले, हात लावू नोका," माणिकबाई पुटपुटल्या. "आयकतात का कोणाचं."

वर्षालीने दोन्ही हात डोक्याला लावले. "बाबा! परीक्षा होती ती! आग्रह नव्हता!"

"मले काय मालूम परीक्षेत वाढत नाही म्हणून?"

पहिल्यांदा पार्बताबाई हसल्या. मग माणिकबाई, डोळ्याला पदर लावून. मग वर्षाली, रडत रडत. शुभमनेही दोन्ही हात वर करून सोडून दिले आणि त्याला हसू फुटलं ते आवरेना. फक्त दोघे भाऊ हसत नव्हते. महादेवराव उभेच होते, चंद्रभानकडे पाहत, आणि चंद्रभान हातातल्या ग्लासाकडे. दादा भरल्या घरात, बायकोसमोर, सगळ्यांसमोर म्हणाला होता की त्याच्या नाकावर जाऊ नका. एवढ्यासाठी तो नऊ वर्षं अकोल्यात वाट पाहत बसला होता, हे त्याचं त्यालाही आत्ताच कळलं.

"शुभ्या," तो मुलाकडे वळून म्हणाला. "जोडी वर्षीची. शब्द माहा होता अन् चारी वळखल्या. मशीन मी आणतो. कसं थे अजून मालूम नाही, पण आणतो. नाही जमलं तं मी स्वतः बसून दाणा दाणा निवडीन."

"तुमी अन् निवडान," शुभम म्हणाला. तो रागावलेला होताच, पण मान खाली घालून त्याने एक नंबरचा ग्लास जवळ ओढला. हुंगला. आई म्हणाली तसं खरंच पुरण शिजतं का, ते पाहायला असावं. "काका, पण मशीनसाठी जामीन तुमी राहान," तो महादेवरावांना म्हणाला.

"राहीन ना. अकोल्याले येऊन राहीन," महादेवराव एवढ्या घाईने म्हणाले की सगळे पुन्हा हसले.

वर्षाली काकाच्या पाया पडायला वाकली. चंद्रभानने तिला मध्येच धरलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याला काही मोठं बोलायचं होतं, पण तसं काही सुचलं नाही. "रायवाली बाटली वरच्या फळीवर ठेवजो," तो म्हणाला. "वऱ्हाडात थेच चालीन."

"हो काका. अन् तो ग्लास इकडे द्या. बिघडला तो, टाकून देते. तुम्हाला नीट भरून आणते."

तिने हात पुढे केला. चंद्रभानने तीन नंबरचा ग्लास आपल्याकडे ओढून घेतला.

"टाकतात काय? दादानं वाढलं थे."

त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, घाई न करता, अर्धी चूळ न भरता. मग रिकामा ग्लास टेबलावरून थोरल्या भावासमोर सरकवला.

"वाढ," तो म्हणाला.